चार ते आठची पाळी

समुद्रपर्यटनाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक दिवसापुढे एखाद्या बंदराचे नाव असते. शेवटच्या दिवसापुढे मात्र ‘समुद्रावर’ एवढाच शब्द असतो. जहाज परतीच्या वाटेवर असते, किनारा दिसत नाही, मोबाइलला रेंज नसते आणि पाहण्यासारखे काही उरलेले नसते. प्रवासी देयके चुकती करण्याच्या रांगेत उभे राहतात, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधतात आणि उद्या कोणत्या गाडीने घरी जायचे याची चर्चा करतात. गेल्या फेब्रुवारीत असा एक दिवस मी अनुभवला. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारे ते जहाज होते. मी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि आमचे ८२ वर्षांचे वडील असे आम्ही चौघे होतो. त्या दिवसाविषयी तुम्हांला सांगावे असे वाटते, कारण भाषाविज्ञानाच्या घटकात मी तुम्हांला जे शिकवते त्याचा आणि त्या दिवसाचा निकटचा संबंध आहे. तो संबंध मला फारसा अभिमानास्पद नाही.

बाबा ठाण्याला भावाकडे राहतात. गेली चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना एखाद्या देखभाल केंद्रात ठेवावे असे भावाचे म्हणणे होते, आणि माझा त्याला विरोध होता. हा विरोध मी कोल्हापुरात बसून, दूरध्वनीवरून करत असे. “आपल्या घरात माणसे अशी बाहेर ठेवत नाहीत,” असे वाक्य मी एकदा उच्चारल्यानंतर आमचे बोलणे महिनाभर बंद होते. सहलीची कल्पना भावाचीच. बाबांना एकदा समुद्रावर नेऊ, आणि परत येईपर्यंत काय ते ठरवू, असे तो म्हणाला. परत येण्याला आता एकच दिवस उरला होता आणि ठरवणे तर सोडाच, आम्ही त्या विषयाला स्पर्शही केला नव्हता.

समुद्र निवडण्याचे कारण बाबांचे आयुष्य. जयगडच्या खाडीकाठच्या गावातून १९६२ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, ते मुंबईला आले आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनखात्यात लागले. रत्नागिरी जिल्ह्यातून अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आलेली आहेत. त्यांची एक स्वतंत्र परिभाषा होती आणि तिच्यात अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांचे शब्द एकत्र नांदत होते. १८११ साली टॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या बोलीचा एक कोशच प्रसिद्ध केला, कारण खलाशांना हुकूम द्यायचे तर साहेबालाही ती बोली येणे भाग होते. ‘खलाशी’ हा शब्द मुळात अरबी, ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’ म्हणजे नायक या अर्थाच्या शब्दावरून आलेला, आणि ‘सुकाणू’मागे अरबी ‘सुक्कान’ आहे. इंजिनखात्यात आगवाला भट्टी सांभाळी, तेलवाला यंत्रांना तेल देई. बाबा तेलवाला म्हणून लागले आणि इंजिन सारंग म्हणून निवृत्त झाले. नोकरीची नोंद असलेल्या पुस्तिकेला आमच्या घरी ‘नळी’ म्हणत. पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, असे बाबा सांगत असत. लहानपणी ‘बाबांची नळी कुठे आहे?’ हा प्रश्न आमच्या घरात ‘बाबा पुन्हा कधी जाणार?’ याच अर्थाचा होता.

माझा जन्म १९७० चा. सुएझ कालवा १९६७ च्या जूनपासून १९७५ च्या जूनपर्यंत बंद होता आणि युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. माझ्या पहिल्या पाच वर्षांत वडील हे मुख्यतः उशिरा येणारे पत्र होते. पुढे ते वर्षातून दोन-तीन महिने घरी येत, अंगणात अवघडून उभे राहत आणि आईला विचारल्याशिवाय फळीवरचा डबाही काढत नसत. मी त्यांना खऱ्या अर्थाने ओळखू लागले ती त्यांच्या निवृत्तीनंतर, आणि तोवर मी घराबाहेर पडले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी आम्ही खिडकीजवळ बसलो होतो. लक्षद्वीपच्या आसपासचा तो काचेसारखा निळा रंग मागे पडून पाणी काळसर झाले होते. चहाच्या कपावर नांगराचे चित्र होते. मी सहज विचारले, “बाबा, हे काय आहे?”

त्यांनी कप फिरवून पाहिला. ओठ हलले. मग ते म्हणाले, “बैल.”

“बैल?”

“बैल... ते लावतात ना. मग ती जागची हलत नाही.”

भावजयीने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. तिच्या लेखी ही रोजचीच एक चूक होती. मी मात्र पिशवीतून वही काढली.

मला वही का काढावीशी वाटली हे सांगण्यासाठी थोडे विषयांतर करते. संस्कृतमध्ये शेत नांगरण्याच्या साधनाला ‘लांगल’ म्हणतात. फारसीत जहाज जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्याला ‘लंगर’ म्हणतात. या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. मराठीत आल्यावर दोघांच्याही आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ झाला. ल आणि न यांची ही अदलाबदल तुम्हांला अन्यत्रही आढळेल. ‘नवनीत’चे ‘लोणी’ झाले, हिंदीतला ‘नींबू’ आपल्याकडे ‘लिंबू’ आहे. परिणामी शेतकऱ्याचे अवजार आणि खलाशाचा आकडा ही दोन्ही मराठीत ‘नांगर’ झाली. आपण शेतही नांगरतो आणि होडीही नांगरतो. कोशकार यांना दोन स्वतंत्र शब्द मानतील, पण बोलणाऱ्याच्या मनात ते एकाच दारातून आत-बाहेर करतात. बाबांना जहाजाच्या नांगराचे नाव हवे होते. ते सापडेना, तेव्हा त्यांचे मन त्याच ध्वनीच्या दुसऱ्या नांगरापाशी गेले, तोही हाती लागला नाही, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला बैल तेवढा सापडला.

रोमान याकबसन यांनी १९५६ साली वाचाघाताच्या दोन प्रकारांविषयी जो निबंध लिहिला, त्याचा परिचय तुम्हांला याच अभ्यासक्रमात होतो. एका प्रकारात रुग्णाची निवडीची शक्ती दुबळी होते. त्याला नेमके नाव सापडत नाही, म्हणून तो त्या वस्तूच्या सोबतीला असणाऱ्या वस्तूचे नाव घेतो. सुरीला काटा म्हणतो, दिव्याला टेबल म्हणतो. आपल्या काव्यशास्त्रातील लक्षणा सान्निध्याच्या याच नात्यावर उभी असते. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की आपण काठ समजून घेतो. दुसऱ्या प्रकारात नावे शिल्लक राहतात, पण त्यांना वाक्यात गुंफणारे धागे तुटतात. बाबांचा आजार हा वाचाघात नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि पाठ्यपुस्तकातील चौकट घरातल्या माणसाला तंतोतंत बसत नसते हेही मी वर्गात सांगते. तरीही तो ‘बैल’ ऐकून मला जो आनंद झाला तो लपवण्यासारखाच होता. इतकी वर्षे मी परकीय भाषांतील उदाहरणे देत आले, आणि हे तर अस्सल मराठी, केवळ मराठीतच संभवणारे उदाहरण. त्या वहीत अशा ४० हून अधिक नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि प्रसंग लिहिलेला.

भाऊ म्हणाला, “ताई, तू त्यांचे शब्द लिहून घेतेस. आम्ही त्यांचे कपडे बदलतो.”

तो ते रागाने म्हणाला नाही. त्याने बाबांच्या हनुवटीवर सांडलेला चहा पुसला आणि तो पुन्हा आपल्या बशीकडे वळला.

मी वही मिटली आणि म्हणाले की आजचा दिवस बाबांना मी सांभाळते, तुम्ही दोघे मोकळे फिरा. या बोलण्यात उदारपणापेक्षा चीड अधिक होती. भावजयीने मला औषधांची डबी दिली, दर दोन तासांनी प्रसाधनगृहात न्यायचे सांगितले, आणखी काही सांगायचे म्हणून थांबली आणि न सांगताच गेली.

दुपारपर्यंत सारे सुरळीत होते. किंबहुना सुरळीत याहूनही काही अधिक होते. आम्ही डेकवर सावलीला बसलो होतो. वारा वायव्येकडून मंद येत होता. जहाजाच्या पोटाखालून उडते मासे निघत आणि पाण्यावरून सुतासारखे सरकत दूर जाऊन बुडत. बाबांनी कठड्याच्या लोखंडी खांबावर तळहात ठेवला होता. बराच वेळ ते तसेच होते. मग म्हणाले, “चाल कमी केलीन.”

मला काहीच जाणवले नव्हते. आत खोलीतल्या दूरचित्रवाणीवर जहाजाचा वेग दाखवतात. जेवणानंतर जाऊन पाहिले तर सकाळचा १७ नॉटचा आकडा १३ वर आला होता. पहाटे ठरल्या वेळी बंदरात शिरायचे असल्याने लवकर पोहोचून उपयोग नसतो, म्हणून अशी चाल कमी करतात. चमच्याला काय म्हणतात हे न आठवणारा माणूस तळहाताने चार नॉटचा फरक ओळखतो, हे पाहून मला वाटले की भाऊ उगाच घाबरतो. माणूस आत शाबूत आहे, फक्त आपल्याला ऐकता येत नाही. मी हे वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले. ते चांगले वाटत होते. तुम्हांला असा अनुभव असेल तर तुम्ही जाणाल की अशा चांगल्या वाटणाऱ्या वाक्यांपासून सावध राहावे लागते.

साडेतीनच्या सुमारास मी देयकाच्या रांगेत उभी राहायला गेले. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. रांग खिडकीपासून ३०-४० पावलांवर होती, आणि मधून मधून मान वळवली की त्यांची टोपी दिसत होती. एका रकमेवरून माझी आणि कर्मचाऱ्याची थोडी चर्चा झाली. मान वळवली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पहिल्यांदा मी प्रसाधनगृह पाहिले, मग आमची खोली, मग पुन्हा खुर्ची. त्यानंतर मी कठड्यापाशी गेले आणि खाली पाहिले. ते का पाहिले हे तुम्हांला सांगायला नको. पाणी जहाजाच्या कडेने पांढरे होऊन मागे जात होते, इतक्या सहज, की त्यात काही पडले असते तर दुसऱ्या क्षणी ते दिसलेही नसते.

स्वागतकक्षात एक परदेशी तरुणी होती. तिने शांतपणे विचारले, त्यांच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा आहे? मला सांगता येईना. सकाळपासून मी त्यांच्यासोबत होते, त्यांच्या तोंडून निघालेले प्रत्येक अक्षर मला आठवत होते, आणि सदऱ्याचा रंग आठवत नव्हता. तिने विचारले, ते कोणती भाषा बोलतात? मी म्हणाले, मराठी. मग मला वाटले की हे पुरेसे नाही, आणि मी तिला सांगू लागले की त्यांना नावे आठवत नाहीत, ते एका वस्तूऐवजी शेजारच्या वस्तूचे नाव घेतात. ती बिचारी लिहून घेत होती. तेवढ्यात भावजय आली. तिने विचारले, “ताई, किती वाजले?” पावणेचार वाजून गेले होते. “मग जिना बघायला हवा,” ती म्हणाली. “चारच्या आधी ते रोज खाली जायला निघतात. ठाण्यालाही.” सकाळी तिला जे सांगायचे होते ते हेच असावे.

ते खालच्या मजल्यावर, फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या एका दारापाशी सापडले. दाराजवळच्या पायरीवर ते बसले होते आणि शेजारी सफाईखात्यातला एक मुलगा उकिडवा बसला होता. मुलगा बंगालकडचा असावा. दोघे हिंदीत बोलत होते. बाबांची हिंदी ही बोटीवरची हिंदी, तिला व्याकरण कमी आणि जरब जास्त. ते त्याला सांगत होते की चार ते आठची पाळी त्यांची आहे, खालचा माणूस पहाटेपासून उपाशी आहे, १५ मिनिटे आधी जाऊन त्याला सोडवायला हवे, आणि हे दार कोणी बंद केले? जहाजावर चोवीस तासांच्या सहा पाळ्या असतात, आणि चार ते आठची पाळी करणारा पहाटेही चार ते आठ उभा राहतो आणि सायंकाळीही. बाबांनी ही पाळी किती वर्षे केली ते मला माहीत नाही. मुलगा म्हणाला, “चाचा, आज आपकी ड्यूटी दूसरे ने ले ली है. साहब ने बोला, आप आराम करो.” बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. “लिखा है?” त्यांनी विचारले. मुलाने खिशातून कसला तरी कागद काढून दाखवला. बाबा वाचल्यासारखे करून उठले.

पस्तीस मिनिटे झाली होती. सदरा फिकट पिवळा होता.

त्या मुलाने जे केले ते मला करता आले नसते. मी बाबांना दुरुस्त केले असते. तुम्ही निवृत्त झालात, हे प्रवासी जहाज आहे, आपण सहलीला आलो आहोत, अशी तीन सत्य विधाने त्यांच्यापुढे मांडली असती. त्याने त्यांच्या वाक्याला त्याच जगातले पुढचे वाक्य जोडले. संभाषणाचे सहकार्य तत्त्व शिकवताना मी फळ्यावर पॉल ग्राइस यांचे नाव लिहिते. यापुढे त्या पायरीची आठवण झाल्याशिवाय ते नाव मला लिहिता येईल असे वाटत नाही.

रात्री जेवणानंतर भावजय बाबांपाशी थांबली आणि आम्ही दोघे भावंडे डेकवर गेलो. दूरवर मासेमारी बोटींचे दिवे होते. भाऊ काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तू आज पस्तीस मिनिटे घाबरलीस. आमच्याकडे हे महिन्यातून दोनदा होते. एकदा ते रेल्वेच्या पुलावर सापडले. तुला सांगितले नाही, कारण तू पुन्हा तेच वाक्य म्हणाली असतीस.” मी विचारले, कोणते वाक्य? त्याने ते उच्चारून दाखवले, माझ्याच स्वरात. माझ्या वाक्यातल्या ‘आपल्या घरात’ या शब्दांचा अर्थ प्रत्यक्षात ‘तुझ्या बायकोने’ असा होता, हे मला तेव्हा ऐकू आले. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांतील भेद मी गेली २८ वर्षे शिकवत आहे.

तुमच्यापैकी कित्येकजणी दिवसभराची नोकरी आणि घरातल्या वृद्धांची उस्तवार आटोपून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. माझ्या भावजयीने पदवीचा अभ्यास असाच दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडला. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा मी तिला चिकाटीविषयी एक लांब पत्र लिहिले होते. त्या रात्री मला ते पत्र आठवले.

रात्री अकराच्या आत पिशव्या दाराबाहेर ठेवायच्या होत्या, म्हणजे कर्मचारी त्या परस्पर धक्क्यावर उतरवतात. बाबांची पिशवी आम्ही तीनदा बाहेर ठेवली आणि तीनदा त्यांनी ती आत आणली. खलाशांत एक जुनी गोष्ट सांगतात, की परतीच्या प्रवासाच्या शेवटच्या रात्री कोणालाच झोप येत नाही, आणि इंग्रज खलाशी त्याला एक प्रकारचा ताप म्हणत, खाडीचा ताप. बाबा पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसले होते. शेवटी भावजय म्हणाली, “असू दे, सकाळी हातात नेऊ.”

पहाटे पाच वाजता मी त्यांना डेकवर नेले. सदरा निळा होता, मी पाहून ठेवला होता. पाण्याला मुंबईच्या पाण्याचा तो ओळखीचा गढूळ वास येऊ लागला होता. उजव्या हाताला दूर एक दिवा फिरत होता.

“खांदेरी,” बाबा म्हणाले.

नाव बरोबर होते. १९९८ पासून त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, पण त्यांच्या पिढीला ते खांदेरीच. डावीकडे कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्जचा दिवा दिसेपर्यंत आम्ही उभे होतो. त्याचे नाव त्यांना आले नाही. “तो... दुसरा,” ते म्हणाले. मीही सांगितले नाही. वही खोलीतच होती.

भाऊ चहाचे कप घेऊन वर आला. बाबांनी कप हातात घेतला, त्यावरच्या चित्राकडे पाहिलेही नाही. मी भावाला विचारले, “ते केंद्र मंगळवारी पाहायचे म्हणत होतास ना?”

“हो. सकाळी अकराला.”

“मी रजा वाढवते. मलाही यायचे आहे. आणि मे महिन्याची सुट्टी मी ठाण्यात काढीन. तुम्ही दोघे कुठेतरी जाऊन या.”

तो काही बोलला नाही. बाबांनी पिशवी पायांमध्ये घट्ट धरली होती. जहाजाची चाल आणखी मंदावली, आणि या वेळी ते मलाही कळले.